हेल्मेटवरचे डोळे

माझ्या वडिलांना, आबांना, जोह्याहून रोह्याला माझ्याकडे आणलं त्या सकाळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आखणीचा ब्रश होता. गणपतीचे डोळे ते त्यानेच रेखायचे. मी तो काढून आमच्या गणपतीच्या कारखान्यातल्या फळीवर ठेवला आणि मोठ्या थाटात म्हणालो, "आबा, आता आराम." गाडी वडखळला पोचेपर्यंत ते रिकामा खिसा चाचपत होते. मला वाटलं, गोळ्यांची चिठ्ठी शोधतायत.

जोह्यातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, शहाणपणा असा अंगाशी येतो, म्हणून हे लिहितोय.

वीस वर्षांपूर्वी मी रोह्याच्या कंपनीत लागलो तेव्हा आबा एसटीच्या खिडकीशी येऊन म्हणाले होते, "जा, पण हात चालता ठेव." मी शिफ्टा केल्या, त्यांनी डोळे आखले. मग आई गेली, आबांना अल्झायमर निघाला, आणि एकटं कसं ठेवायचं म्हणून मी त्यांना फ्लॅटमधल्या सोफ्यावर आणून बसवलं. गादी मऊ, टीव्ही मोठा, काम शून्य. त्यांना ऐकू कमी यायचं, तर आम्ही बोलणंच कमी केलं. कुणी त्यांना काही विचारलं तर उत्तर मी द्यायचो. चार महिन्यांत माझ्या बायकोचं, सुनंदाचं, नाव गेलं. पुढचा नंबर माझा, या विचाराने माझं जेवण उडालं.

एका सकाळी कंपनीच्या गेटवर जो तो माझ्याकडे बघून हात जोडायला लागला. हेल्मेट काढून बघतो तर पुढच्या बाजूला गणपतीचे दोन डोळे! माझ्या पोरीच्या मार्करने आबांनी काढलेले. पापणीची रेघ एका दमात, कुठे थरथर नाही. सुपरवायझर म्हणाला, "आता तुझ्यावर ओरडायचं कसं रे?" मी पोट धरून हसलो, आणि मग नळावर जाऊन रडलोही.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आजार बरा होणार नाही, पण त्याला घाई करायला आपण कशाला मदत करायची? साखर, बीपी सांभाळा. कान तपासा. झोप नीट होते का बघा. आणि त्यांना एकटं, रिकामं बसवू नका." गोळ्या वगळता बाकी सगळ्यात मी नापास होतो.

मी फोन केला तशा चुलतभाऊ नरेशने जोह्याहून टेम्पोने न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती पाठवल्या, वर फळीवरचा तो ब्रश. कानाला मशीन लागलं तेव्हा आबा कुकरच्या शिट्टीने दचकले. "केवढ्यानं बोंबलतोय गो हा!" सुनंदा इतकी हसली की भात करपला. आता गॅलरीचाच कारखाना झालाय. शेजारच्या बायका पोरांना शाळेच्या बसमध्ये बसवून गप्पांना येतात. एखाद्या दिवशी आबा नुसता ब्रश धरून बसतात. परवा एका गणपतीला त्यांनी तिसरा डोळा काढला. सुनंदा म्हणाली, "बापावर गेला."

कुणी घर कुठलं विचारलं की मी जोहे सांगायचो. आता आबांच्या शेजारी गॅलरीत जेवढी जागा उरते, तेवढं माझं घर.

काल तिथे बसून मीही एक डोळा आखला. वाकडा आला. आबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"कुणाचा रे तू?"

मी ब्रश खाली ठेवला. म्हणालो, "जोह्याच्या आबांचा."

"हात बापावर नाय गेला तुझा," ते हसले, आणि ब्रश पुन्हा माझ्या हातात दिला. "बस हितं. हात चालता ठेव."