आजी, तुम्ही बाहेर बसा!

रानातून येताना लुगड्याला कुसळं चिकटत्यात बघा, तसे ह्या डॉक्टर लोकांचे किस्से मला चिकटलेत. झटकावं तितके आत रुतत्यात!

मी घोडेगावची, शाळा चौथीपातूर. पन नगरच्या एका दवाखान्यात मी डॉक्टरांना शिकवते. हसू नका!

त्याचं असं झालं. माझी नात पल्लवी सतरा वर्साची हुती, तवा तिच्या गुडघ्याच्या हाडात कॅन्सर निघाला. डॉक्टर समदं मलाच इचारायचा, पोरगी शेजारी गोनीवानी बसलेली. कॅन्सरचंबी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. अन् मी शहानी! म्हनलं, "पोरीला सांगू नका, तिला सोसायचं न्हाई." तिला सांगितलं, हाडाला सूज आलीय.

तिनं मोबाईलात औषधाचं नाव टाकून कवाच हुडकलं हुतं. चार दिसांनी माझा हात धरून हळूच म्हनती, "आज्जे, मला कॅन्सर झालाय. तुला सोसंल ना?"

तवाच ठरवलं, आता कुनाच्या लेकराला असं गोनी करून बसवू द्यायचं न्हाई!

* * *

पल्लवी बरी झाली. त्या नगरच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टर मॅडम शिकाऊ डॉक्टरांचा वर्ग घेत्यात. वयात आलेल्या पोरापोरींशी कॅन्सरचं कसं बोलावं, ते शिकवत्यात. मला म्हनल्या, "पल्लवी पेशंट होईल, तुम्ही आडव्या येणाऱ्या आजीचं सोंग करा. जमेल?"

म्हनलं, "सोंग कशाला, खोडच हाय माझी!"

* * *

पयल्याच दिवशी एक चष्मेवाला पोरगा आला. पल्लवी समोर, अन् इचारतोय मला, "आजी, हिला भूक लागते का? झोप येते का?"

मी पिशवी उघडून आत डोकावले. म्हनलं, "थांब, हिचं तोंड माझ्या पिशवीत ऱ्हायलंय का बघते!"

त्या दिसापासून तो आधी पेशंटकडं बघतो, मग खुर्चीवर बसतो.

* * *

एकदा केस पिकलेले मोठे डॉक्टर शिकायला आले. माझं काम अडून बसायचं, त्यांचं काम मला समजावायचं. मी म्हनलं, "पोरीला सांगू नका."

"बरं."

गडी वादच घालीना, ही तर गार पडलेली भट्टी! मी म्हनलं, "तिच्या बापालाबी सांगू नका."

"बरं."

"मला तरी कशाला सांगताय?"

"बरं आजी, राहू द्या."

पल्लवी खुर्चीतून म्हनली, "मग सांगणार कुनाला सर, ह्या बाकड्याला?"

मोठे डॉक्टर आधी लाल झाले, मग पोट धरून हसले. पुढल्या वर्गाला पुन्हा आले, पयल्या बाकावर!

* * *

मिरजगावची ऋतुजा डॉक्टर लई लाजाळू. कॅन्सरच्या औषधांनी पुढं मूल व्हायला अडचन येऊ शकती, म्हनून ती सुरू व्हायच्या आधी पोरीला इचारायचं असतंय, पुढं मूल पायजे का, म्हंजे आधीच तजवीज करता येते. आता हे आजीसमोर कसं इचारावं?

म्हनली, "आजी, जरा पाणी आणता का?"

मी पिशवीतून बाटली काढली.

"चहा घेऊन येता का?"

मी थर्मास काढला!

बिचारीला घाम फुटला. मी हललेच न्हाई. शेवटी तिसऱ्या वर्गाला ती उठली, दार उघडलं, म्हनली, "आजी, मला पल्लवीशी एकटीशी बोलायचंय. तुम्ही बाहेर बसा!"

एवढं म्हनायला तिला तीन वर्ग लागले. मी बाहेर जाऊन टाळ्या वाजवल्या.

* * *

पल्लवी आता सुप्याला कंपनीत जाते. मदी तिचा तोच गुडघा पुन्हा ठनकाया लागला. फोटो काढले, रिपोर्ट घ्यायला गेलो, तर समोर ऋतुजाच!

समदं शिकवलेलं इसरले अन् म्हनलं, "बाई, आधी मला सांग. तिला मागनं सांगू."

ऋतुजा उठली, दार उघडलं. "आजी, तुम्ही बाहेर बसा."

"अगं हे खरं हाय! वर्ग न्हाई हा!"

"म्हणूनच!"

बाहेर बाकड्यावर बसले. दाराला कान लावला, तर आतून सिस्टरनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं, अन् पुन्हा लावून घेतलं.

लई येळानं पल्लवी आली. तोंड एवढंसं केलेलं.

"काय म्हनली गं?"

शेजारी बसली. माझ्या पिशवीतला थर्मास काढून झाकनात चहा ओतला, फुर्रकन एक घोट घेतला, अन् हसू दाबत म्हनली,

"आज्जे, तुला न्हाई सांगत. तुला सोसायचं न्हाई!"