फायनलच्या दिवशी मी त्र्यंबकला

आमच्या आळीच्या कबड्डी संघाने आजवर दोन फायनल जिंकल्या आणि दोन्ही मी पाहिलेल्या नाहीत. पहिल्या फेरीपासून उपांत्य सामन्यापर्यंत चुन्याच्या रेषेला गुडघे टेकून बसणारा मी, फायनलच्या दिवशी नेमका त्र्यंबकेश्वरला असायचो. त्याचा मला अभिमानही होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्याआधीच्या दोन फायनल मी पाहिल्या होत्या आणि दोन्हींत आम्ही सपाटून मार खाल्ला होता. तिसऱ्या फायनलच्या सकाळी कप्तान नारळ घेऊन घरी आला. "देवाकडे कुणीतरी आपल्यातलंच गेलं पाहिजे," तो म्हणाला. "तुझ्याएवढा जीव लावणारा दुसरा आहे कोण?" मी एवढा फुगलो की एसटीत दोन सीट लागल्या असत्या. दर्शनाच्या रांगेत पुढच्या-मागच्यांना आमच्या संघाची माहिती पुरवली. संध्याकाळी परतलो तर आळी गुलालाने लाल झालेली. कप्तानाने मला खांद्यावर घेतलं आणि मी प्रसादाचे पेढे वाटत, चढाई मीच मारल्यासारखा मिरवलो. दोन वर्षांनी पुन्हा तेच झालं. मग रीतच पडली, फायनल म्हटली की मी त्र्यंबकला.

त्यानंतर कितीतरी वर्षं आमचा संघ फायनलच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. आता तो मॅटवर खेळतो, पायात बूट घालून. आमच्या वेळी आम्ही आईच्या चाळणीने मैदानाची माती चाळली आणि त्याबद्दल घरी बोलणी खाल्ली. ही पोरं चढाईला जाण्याआधी केस नीट करतात. गडी बाद झाला तरी केस बाद होत नाहीत. मी कुरकुर करतो, पण आता आळी सोडून गंगापूर रोडला राहत असलो तरी स्कूटर काढून प्रत्येक सामन्याला हजर असतो. कप्तान आता त्यांचा प्रशिक्षक आहे. गुडघा दुखतो, शिट्टी मात्र जोरात वाजते.

यंदा आम्ही फायनलला पोचलो, समोर सिन्नरचा संघ. सकाळी कप्तान नारळ घेऊन दारात. मी लगेच धुतलेला सदरा शोधायला लागलो, तेव्हा स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, अजून कळलं नाही का तुम्हाला? तुम्ही बघायला बसलात की हे हरतात, म्हणून पाठवतात. अख्ख्या आळीला माहितीये."

मी कप्तानाकडे पाहिलं. तो नारळाची शेंडी ओढत बसला होता.

"पनवती समजता काय मला?"

"तसं नाही रे," तो म्हणाला. "पण लय रिस्क नको."

माझं डोकं फिरलं. पहिल्या रांगेत बसणार म्हणून मी त्याला सुनावलं आणि नारळ ठेवून घेतला. हिने त्याची चटणी केली. चटणी चांगली झाली होती, पण मला गिळवेना.

दुपारी हॉलमध्ये मी पहिल्या रांगेतच बसलो. मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी मागे होतो. कप्तानाने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईने मान वळवली. ती नजर मला सोसवली नाही. मी आपणहून उठलो आणि बाहेरच्या चहाच्या टपरीवर हॉलकडे पाठ करून बसलो.

तिथे मनात पाप आलं. आता हे जिंकले, तर मी जन्माचा पनवती ठरणार. हरले, तर सुटलो. देवाशपथ सांगतो, दोन मिनिटं मी सिन्नरसाठी प्रार्थना केली. मग स्वतःचीच लाज वाटली आणि घाईघाईने आमच्यासाठी केली.

आतून आरडाओरडा झाला. थोड्या वेळाने कप्तान लंगडत बाहेर आला, शेजारी बसला आणि त्याने दोन चहा सांगितले.

"अकरा गुणांनी हरलो," तो म्हणाला. "तू उठलास तेव्हा तीननेच मागे होतो."

चहा आला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "म्हणजे तुला इतकी वर्षं उगाच पाठवलं मी."

मला आनंद झाला. संघ हरला आणि मला आनंद झाला. आणि लगेच इतकं वाईट वाटलं की कप टपरीवर ठेवून द्यावा लागला. "मग त्या दोन फायनल मला आता कोण दाखवणार?" मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला आणि तो उठला. "हो उभा. ही त्या फायनलची शेवटची चढाई. तू त्यांचा शेवटचा गडी."

दुखऱ्या गुडघ्यासकट पार्किंगमध्ये त्याने चपलेने मध्यरेषा ओढली आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणत माझ्यावर चाल केली. त्याला चौथ्या शब्दालाच दम लागला. हरलेली पोरं दारात थांबून बघायला लागली. मी वाकून त्याचा घोटा धरला.

"हां," तो धापा टाकत म्हणाला, "इथे त्याच्या हातून माझा पाय सुटला आणि मी रेषेला हात लावला. सोड आता."

मी सोडला नाही.