अकराव्या क्रमांकावरची मुलगी

नवऱ्याचं गवतावरचं संशोधन न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या संस्थेत होतं, म्हणून आम्ही त्या गावात आलो. मिरजेत मी वॉर्डात नर्स होते. इथे पुन्हा परीक्षा देऊन डिस्ट्रिक्ट नर्स झाले. म्हणजे हॉस्पिटलची गाडी घेऊन घरोघर जायचं. कुणाचं ड्रेसिंग बदलायचं, कुणाला इन्सुलिन द्यायचं, आणि ज्यांनी घरीच शेवट व्हावा असं ठरवलंय त्यांचा मॉर्फिनचा छोटा पंप रोज सकाळी भरायचा.

नव्वदच्या दशकातल्या एका जुलैत माझ्या यादीत शहराबाहेर राहणाऱ्या एक बाई होत्या. वय अडुसष्ट. कॅन्सर यकृतात पोचलेला. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. लोकरीच्या गोदामात लोकरीची प्रत ठरवण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. इथे पेशंटला नावानंच हाक मारतात, पण आईच्या वयाच्या बाईचं नाव माझ्या जिभेवर येईना. त्यांनी ते दोन दिवसांत ओळखलं आणि नावाशिवाय बोलायची मला मुभा दिली. रात्री शेजारीण सोबतीला झोपायला यायची. दिवसा त्या एकट्याच असत.

एकच मुलगी होती त्यांना, अमेरिकेत व्यावसायिक गोल्फ खेळणारी. घरामागच्या कुरणापलीकडे गोल्फचं नऊ होलचं मैदान होतं. तिथलं गवत मेंढ्याच खाऊन कमी करत, आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर, त्या चढू नयेत म्हणून भोवती तार लावलेली असे. बाई तिथे शनिवारी खेळायच्या. मुलगी सहा वर्षांची असताना तिच्यासाठी त्यांनी नवऱ्याची एक जुनी स्टिक करवतीनं कापून आखूड केली. पुढे तीच पोर परदेशी गेली, आणि त्या जुलैत पहिल्यांदाच अमेरिकेतल्या महिलांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत उतरली होती.

मुलीला आईचा आजार माहीत होता, पण तो किती पुढे गेलाय ते माहीत नव्हतं. बाईंनी मला बजावलं होतं की स्पर्धा संपेपर्यंत तिला काही कळता कामा नये. कळलं तर ती पहिल्या विमानानं येईल, आणि अशी संधी पुन्हा मिळेलच असं नाही. मला ते पटलं नव्हतं. पण पेशंटच्या प्रकृतीची गोष्ट कुणाला सांगायची हे पेशंटनंच ठरवायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी मान हलवली आणि पंप भरला.

स्पर्धा चार दिवसांची. अमेरिकेतला गुरुवार आमच्याकडे शुक्रवारी सकाळी दिसायचा. पलंगावरून दिसेल असा टीव्ही शेजारणीनं हलवून ठेवला होता. पहिल्या दिवशी मुलगी फारशी दिसली नाही, टीव्हीवरच्या टेलिटेक्स्टच्या निकालपानावर फक्त तिचा आकडा सरकत राहिला. बाईंनी मला गोल्फ समजावलं. दोन दिवसांनंतर जवळजवळ निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात, आणि तिच्यासाठी खरी परीक्षा तीच. शनिवारी मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. मुलगी अकराव्या क्रमांकावर होती. त्यांनी मला तो आकडा दोनदा वाचायला लावला.

पण दुखणं रात्रीत वाढलं होतं. चेहरा पिवळा पडला होता, पाणीसुद्धा चमच्यानं द्यावं लागत होतं. डॉक्टरांशी फोनवर बोलून मी डोस वाढवला. त्या झोपल्या, आणि मी कागद भरत असतानाच फोन वाजला. अकरा वाजले होते. उचलला तर मुलगी. खेळ संपवून हॉटेलवर आली होती. मी कोण ते सांगितलं. आई झोपली आहे, उठल्यावर फोन करेल, असंही सांगितलं.

 ती म्हणाली, "सकाळी अकराला ती कधी झोपत नाही. खरं सांगा, कशी आहे?"

"त्या उठल्या की स्वतःच बोलतील तुमच्याशी," मी म्हटलं.

"मी विचारलं ते हे नव्हतं," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी माझ्या यादीत आणखी दोन घरं होती. मी ऑफिसला फोन करून ती दुसऱ्या नर्सला द्यायला लावली आणि बाई उठेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. त्या तासाभरानं जाग्या झाल्या. फोनचं सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं की मी काय बोलले. काहीच नाही, असं म्हटल्यावर त्या निवांत झाल्या. तेव्हा मी बोलले. बोलू नये तेवढं बोलले असेन.

इथल्या परीक्षेचा अभ्यास करत असताना माझे वडील मिरजेत वारले. हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतर चार दिवस ते शुद्धीवर होते. मला कुणीही कळवलं नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि मग भावाचा फोन आला. तोवर त्यांचे दिवसही होऊन गेले होते. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून आईनंच नको म्हटलं, असं तो म्हणाला. ते चार दिवस वडील काय बोलले, त्यांनी माझं नाव काढलं का, हे मी आजवर आईला विचारू शकले नाही. तिनं माझ्या भल्यासाठीच केलं. तरीही तिच्याशी बोलताना माझा आवाज कोरडा होतो.

हे सगळं मी त्या पिवळ्या पडलेल्या बाईला सांगितलं. सांगताना हातात त्यांचा पाण्याचा चमचा होता, तो तसाच राहिला.

"तू माझी नर्स आहेस की तिची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणालात तर मी गप्प बसेन. पण तुम्ही गेल्यावर ती मला विचारेल, आणि तेव्हा मी खोटं बोलणार नाही."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी माझी मर्यादा ओलांडली होती हे मला कळत होतं. तक्रार झाली असती तर ती खरीच ठरली असती.  मग त्यांनी फोन मागितला. नंबर मी फिरवला, रिसीव्हर त्यांच्या उशीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. कानावर पडू नये म्हणून नळ सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा धुतले.

हाक आली तेव्हा त्या दमल्या होत्या. मुलगी लगेच निघते म्हणाली होती. बाईंनी तिला सांगितलं की तू खेळून ये, मी थांबते. शेवटी निर्णय मुलीचा, आणि तिनं खेळायचं ठरवलं.

रविवारी ती चाळिसाव्या क्रमांकाच्याही खाली गेली. सोमवारी कॅमेऱ्यानं तिला एकदाच दाखवलं, शेवटच्या होलवर, चारेक फुटांवरून चेंडू होलात ढकलताना. चेंडू कडेला लागून बाहेर आला. तिनं तो सावकाश आत ढकलला, टोपी काढली, बरोबरच्या खेळाडूशी हात मिळवला आणि मान खाली घालून निघून गेली. बाईंनी टीव्ही बंद करायला सांगितलं. "पूर्ण खेळली," एवढंच त्या म्हणाल्या.

मुलगी बुधवारी दुपारी पोचली. उंच, रापलेली, डाव्या हाताचा पंजा उजव्यापेक्षा गोरा, कारण हातमोजा त्याच हातात असायचा. आई शुद्धीवर होती. त्या दोघींना सहा दिवस मिळाले. कुशीवर कसं वळवायचं, ओठ कसे ओले करायचे ते मी तिला शिकवलं. ती पटकन शिकली. बाई कधीकधी अस्पष्ट पुटपुटायच्या, ते तिलाच कळायचं. एकदा आत गेले तर दोघी हसत होत्या. कशावरून ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली.

"मला सगळं सांगायला आईला तुम्हीच लावलंत ना?"

"हो."

"पहिल्या विसांत आले असते तर पुढच्या वर्षी या स्पर्धेची पात्रता फेरी खेळावी लागली नसती." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "तुमच्यावर रागवायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही."

मी म्हटलं की त्याची घाई नाही.  मी रिकाम्या सिरिंज उचलल्या आणि पुढच्या घरी गेले.

बाई मंगळवारी पहाटे गेल्या. अंत्यविधीला त्यांच्या गोल्फ क्लबची माणसं आली होती. मी मागच्या बाकावर बसले. चार दिवसांनी मुलगी पंप परत द्यायला आमच्या ऑफिसात आली. तो मीच जाऊन आणणार होते, तरी ती आली. पावतीवर सही केली, आणि जाण्याआधी माझा हात दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभी राहिली. माझ्यावर रागवायचं की नाही हे तिचं ठरलं होतं का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याच आठवड्यात ती अमेरिकेला परत गेली.