दुर्बीणभाईंच्या भाटातलं घरटं

आमचे दुर्बीणभाई लग्नालासुद्धा गळ्यात दुर्बीण अडकवून येत. पंगतीत ती पानावर लोंबे आणि वाढपी हटकून विचारी, "भाई, नवरो हांगाच बसला, दुर्बीण कित्याक?" भाई शांतपणे म्हणत, "नवरो खंय वता? ती माडावयली घार उडून वतली."

मुलांनो, ते आपले नातेवाईक नव्हते. पेडण्याच्या किनाऱ्यावर आमच्या शेजारी त्यांचं घर होतं, आणि घरामागे थेट समुद्रापर्यंत गेलेलं माडांचं भाट. मी पाळी गावची, खाणीच्या तांबड्या धुळीत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा कावळा आणि बगळा यांपलीकडे मला पक्षी ओळखता येत नव्हता. थंडी पडली की भाई सकाळी फाटकाशी येऊन हाक मारत, "वैनी, येतात?" तुमचे आजोबा पांघरुणातूनच सांगत, "कावळ्यांना माझा नमस्कार कळव."

ओहोटीच्या ओल्या वाळूवर चिखल्या पक्षी चार पावलं धावतो आणि एकदम थांबतो. भाई म्हणत, "पळयात, आमचो तलाठी. धांवता बरो, पूण पावना खंयच." थंडीत येणाऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे, वाळूच्या गोळ्या करणारे इवले खेकडे, लाटांबाहेर पाठ दाखवणारे डॉल्फिन, सगळं मला त्यांनीच दाखवलं. गोवा घटकराज्य झालं, त्याच्या आसपासची ती वर्षं. मराठी की कोकणी, यावरून घराघरांत अबोला होता. मी मराठीवाली, भाई कोकणीवाले. "दर्यार वाद नाका, वैनी," एवढंच ते म्हणत, आणि आम्ही तो कधी घातला नाही.

त्यांच्या भाटाच्या टोकाला एक जुना आंबा होता. त्यावर समुद्रगरुडाचं घरटं होतं, काटक्यांचा भलामोठा ढीग. मी ते पहिल्यांदा बघून बोट दाखवलं, तर भाईंनी माझा हात खाली केला. "कोवळ्या दोडक्याक बोट दाखयलें तर तो कुसता. घरट्याचेंय तशेंच." दाखवायचंच तर बोट दुमडून दाखवायचं, आणि गावात कुणाला सांगायचं नाही. लोक दगड मारतात, पिल्लं काढतात. मी तुमच्या आजोबांनासुद्धा सांगितलं नाही.

एका हिवाळ्यात आंब्याच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा दिसला, तोडायच्या झाडाला ओढतात तसा. भाई म्हणाले, "मोजणीवाले आयल्ले. कांय ना." मला काही ते पटलं नाही. झाडावर घरटं आहे, ते तोडू नये, असा मी पंचायतीत अर्ज केला आणि वनखात्याचा माणूस यायचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नेहमीसारखे गेलो. नर गरुड पंज्यात समुद्रसर्प घेऊन आला आणि घरट्यातून पिल्लाने मान वर काढली. भाई कौतुकाने म्हणाले, "बाबल्याक भूक लागल्या."

दुपारी पंचायतीत साहेबाने विचारलं, "झाडावर वापरातलं घरटं आहे का?" सगळ्यांनी भाईंकडे पाहिलं. पक्ष्यांचं दुसऱ्या कुणाला काय कळत होतं?

"आशिल्लें," भाई म्हणाले. "आतां ना. पक्षी गेले सोडून."

मी उभी राहिले. "भाई, आज सकाळीच आपण पिल्लू पाहिलं ना?"

भाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबाला म्हणाले, "वैनीक चश्मो बदलूक जाय." सगळे हसले. माझ्या बाजूने बोलायला एक माणूस नव्हता, कारण त्या अर्जाआधी मी एकाही माणसाला कधी काही सांगितलं नव्हतं. शेजारी बसलेली पंचबाई हळूच म्हणाली, "बाय, तुका खबर ना? भाट हॉटेलवाल्यांक दिलां. दिवाळी आदींच." म्हणजे तो सबंध हिवाळा भाई माझ्याबरोबर चालले होते, हे सगळं ठाऊक असून.

साहेब भाटात न जाताच परतला. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीखाली आंबा पडला. नर-मादी संध्याकाळपर्यंत रिकाम्या जागेवर घिरट्या घालत ओरडत होती. भाईंच्या घराच्या खिडक्या बंद होत्या.

पुढच्या थंडीत ते फाटकाशी आले. "वैनी, कुरव आयले." मी दार उघडलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि एकटेच गेले. पुढे ते वारले, तेव्हा मी रीतीप्रमाणे त्यांच्याकडे जाऊन बसले, पण रडू आलं नाही.

मी अजून किनाऱ्यावर जाते. तुम्ही इथे आलात की तुम्हाला नेईन, सगळी नावं सांगेन. ती सगळी भाईंनी दिलेली आहेत. चिखल्या धावून थांबला की माझ्या कानात अजून तलाठीच येतो, आणि मला हसू येतं. ज्याच्याकडे बघून त्याच्यावर धड रागवता येईल, असा एक पक्षीही त्या माणसाने माझ्यासाठी मोकळा ठेवला नाही.