जांभळाच्या पायाची बाज

आई गेली ती ओल्या जमिनीवर, घोंगडीवर. तिची बाज त्या वेळी डोंगरावरच्या ठाकरवाडीत दुसऱ्याच बाईखाली होती. या एका गोष्टीवरून मी देवाशी अबोला धरला.

बेडशाजवळच्या आमच्या गावात त्या काळी बाज मोजक्याच घरांत असे. आमची बाभळीची होती; एक पाय मोडल्यावर सुताराने तिथे जांभळाच्या लाकडाचा काळपट पाय बसवला होता. आसपासच्या कुठल्याही वाडीत बाई अडली, कुणी अंथरुणाला खिळले, की आमची बाज तिकडे जायची आणि तिच्यामागोमाग आई. बाळंतिणीला शेक द्यायचा, रोग्याला लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यायचे असेल तर बाजेला बांबू बांधून माणसे गोळा करायची, हे काम तिने आपण होऊन अंगावर घेतले होते. बाज उंबऱ्याबाहेर पडली की ती कार्ल्याच्या डोंगराच्या दिशेने हात जोडून म्हणायची, "आई एकवीरे, तुजी बाज निघाली." तिचा नियम एकच, खांदा देणाऱ्याने वर कोण आहे हे विचारायचे नाही. मी पडलो शाळामास्तर. आमच्याच घरात बाज पाहुणीसारखी चार दिवस टेकायची, यावरून मी तिची फार थट्टा करायचो.

ज्येष्ठाच्या शेवटी तिला ताप भरला. ठाकरवाडीतल्या चिंधूभाऊची लेक बाळंत होऊन चारच दिवस झाले होते आणि बाज तिच्याकडे होती. मी आणायला निघालो, तर आईने मनगट धरले. "ती उटंल तवा बाज येईल. वल्या बाळंतिणीला उठवू नगंस." तिसऱ्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य उरकले, आषाढ निम्मा सरला, तरी बाज परत आली नाही. गिळली म्हणायची, मी मनाशी म्हटले. बायकोला सांगूनही टाकले, की आली की माळ्यावर टाकीन, पुन्हा कुणाला देणार नाही. तिला नववा लागला होता. एकवीरेच्या पायऱ्या यापुढे चढायच्या नाहीत, हेही मी ठरवले होते.

आणि एका सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. बराच वेळ गेला, मग गावची सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मास्तर, पोर आडवं हाय. माज्या हातचं काम न्हाई. लोणावळा गाठा, न्हाईतर दोगं बी जातील." घाटातून तेव्हा विजेची गाडी धावू लागली होती, पण आमच्या गावाबाहेर बैलगाडीचे चाकही हलणार नाही असा चिखल होता. लावणीचे दिवस, सारा गाव खाचरांत. खांद्यावरून न्यावे तर घरात बाजही नव्हती. त्या रागातच मी अंगणातून डोंगराकडे बघून म्हणालो, "आता सांग, कुठाय तुझी बाज?"

पांदीतून बाज येत होती. चौघांच्या डोक्यावर उलटी, पावसात निथळणारी, आणि पुढे चिंधूभाऊ.

"मास्तर, लय उशीर झाला, रागावू नगा," तो म्हणाला. "सैल बाज दुखवट्याच्या घरात कशी आनायची? घायपाताचा नवा दोर वळला आन् समदी नव्यानं इनली."

मी त्याला बसाही म्हणालो नाही. त्याने एकदा दाराआड नजर टाकली आणि बांबू मागितले.

ओढ्यापर्यंत ते चौघेच होते. पलीकडच्या खाचरातून कुणीतरी हाक दिली, "मावशीची बाज न्हवं का ती?" आईला सगळ्या वाड्या मावशीच म्हणायच्या, आणि जांभळाचा पाय लांबून ओळखू यायचा. हातातली रोपे तिथेच टाकून तो आणि त्याचे भाऊ धावत आले. पुढच्या गावात आणखी माणसे आली, त्याच्या पुढच्या गावात आणखी. वर कोण आहे, हे एकानेही विचारले नाही. बायका बांधावर येऊन उभ्या राहत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी त्याच बाजेवर बारा दिवस काढले होते. एकीने आपले इरले उतरवून बायकोवर धरले आणि भिजत चालू लागली. "भिऊ नगंस बाई, माजी तिन्ही हिच्यावरच झाली," ती सांगत होती. कार्ल्याला पोचेतो मागेपुढे चाळीसएक माणसे झाली. बायको माझी, आणि खांदा लावायला मलाच जागा मिळेना. डोंगर ढगात होता. त्याच्याकडे बघून कुणीतरी एकवीरेचा उदो केला आणि सगळ्या रस्त्याने तो उचलून धरला. मी रडत होतो, आणि आई गेल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता. तिने जन्मभर काय जोडून ठेवले होते, ते मला माणसांच्या चिखलभरल्या पायांत दिसत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तासाभराने सांगितले, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बाहेर बाज भिंतीला टेकली होती. मी दोर चाचपून पाहिला. एक पीळसुद्धा ढिला झाला नव्हता.

देवीने ऐकले, की चिंधूभाऊचा दोर नेमका त्याच दिवशी वळून झाला, हा वाद मी घालत नाही. मी बाज माळ्यावर डांबणार होतो, आणि ती आधीच दुसऱ्याच्या घरी होती म्हणूनच नवी होऊन माझ्या दारी आली, एवढे मला कळते. जे आपले नव्हतेच ते धरून कशाला बसायचे?

बायको बारा दिवसांनी बाजेवरून उठली. तेराव्या दिवशी सकाळी दारात एक अनोळखी म्हातारा उभा होता, ओलाचिंब, बोलायला संकोचणारा. कुणासाठी, हे माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. बाज बाहेर काढली आणि पुढची बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली. या वेळी मला जागा मिळाली. उंबरा ओलांडताना हात जोडायला मोकळे नव्हते, म्हणून डोंगराकडे बघून नुसते म्हणालो, "आई एकवीरे, तुझी बाज निघाली."