मुंगी छाप रॅकेटचा खरा इतिहास

आमच्या कारखान्याचा इतिहास आम्हालाच वाचून दाखवायला पुण्याहून एक साहेब आले. भर वैशाखात, सूट घालून, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. मी चहा गाळत होते. पहिलं वाक्य ऐकलं आणि गाळणी हातातच राहिली.

‘संस्थापकांनी दूरदृष्टीने विलायती लाकूड मागवले आणि कष्टाचे प्रतीक म्हणून मुंगी हे बोधचिन्ह निवडले.’

दूरदृष्टी! संस्थापक म्हणजे आमचे वडील, आबा. त्यांना चष्मा काढला की दारातली म्हैस आणि दारातला पोस्टमन यांतला फरक कळायचा नाही. एकदा पोस्टमनपुढं पेंड ठेवली होती त्यांनी. आणि विलायती लाकूड? बांधावरची तुती होती ती!

प्रकरण असं होतं. साहेबांच्या कंपनीला आमची मुंगी छाप हवी होती. फक्त छाप. रॅकेटी बाहेरच्या देशातून तयार येणार, कार्बनच्या. त्यांच्यावर आमची मुंगी चिकटणार आणि सोबत हा गुळगुळीत इतिहास. आमची शेड बंद. आबा जाताना शेड आणि छाप दोन्ही थोरल्याच्या, म्हणजे दादाच्या नावावर करून गेलेले. दादा फौजेतनं सुभेदार होऊन परत आला आणि त्याच्या मागोमाग त्याच्या गुडघ्यांनीही निवृत्ती घेतली. त्यानं सही केली की मी आणि माझ्या हाताखालच्या सहा बायका भुशासकट रस्त्यावर.

‘किती दिस लाकडं वाकवत बसायची गं?’ दादा म्हणाला. ‘जग कार्बनवर गेलं.’

‘जाऊ दे की. मी कुठं आडवलंय जगाला?’

साहेबांनी पेन काढून दादाच्या हातात दिलं. मी मध्ये कप सरकवला. ‘सही कुठं पळत नाही साहेब. चहा घ्या आणि तोवर खरा इतिहास ऐका.’

आबा फौजेत शिपाई. गोळी किती झाडली ते देवाला ठाऊक, पण अधिकाऱ्यांच्या टेनिसच्या रॅकेटींच्या जाळ्या विणायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी विणलेल्या जाळीवरून उडालेला एक चेंडू अजून खाली आलेला नाही, असं ते शेवटपर्यंत सांगत आणि सांगताना वर बघत. पेन्शन घेऊन गावी आले ते ‘आता रॅकेटच करनार’ म्हणतच. लाकूड वाकवायचं तर वाफ हवी. यंत्राच्या नावानं शून्य. पण कराडच्या अंगाला आमच्या मामाचं गुऱ्हाळ होतं. आबांनी तुतीच्या पातळ पट्ट्या दोरीला बांधून उसाच्या रसाच्या काहिलीवर टांगल्या.

मामा ओरडला, ‘आवं दाजी, गूळ शिजतोय हितं! तुमच्या लाकडाला आंघोळ घालायला न्हाई पेटवली काहील!’

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोरी तुटली. सगळ्या पट्ट्या उकळत्या पाकात. दुसऱ्या कुणी कपाळ बडवलं असतं. आबांनी झाऱ्यानं पट्ट्या काढल्या, साच्याभोवती गुंडाळल्या, आणि वाळल्यावर त्या अशा कडक झाल्या की मामानं एका रॅकेटीनं बैलाचा खुंटा ठोकला. खुंटा मोडला.

पहिला माल साताऱ्यातल्या एका क्लबात गेला. एका रिटायर्ड कर्नलसाहेबांनी सर्व्हिस करायला हात वर केला आणि मुंग्यांची रांग दांड्यावरून थेट बगलेत उतरली. कर्नलसाहेब नाचले. असे नाचले की समोरच्या गड्यानं घाबरून सामना सोडला. कर्नलसाहेब जिंकले, तरी माल मात्र परत आला. सेक्रेटरी म्हणाला, ‘मुंग्या लागलेल्या रॅकेटी कोण घेणार?’

आबांनी मिशी पिळली. ‘लपवतोय का काय? वर काढूनच इकतो!’ घरी येऊन त्यांनी तापल्या सळईनं प्रत्येक दांड्यावर मुंगी डागली. ही आमची छाप. कष्टबिष्ट कुणाच्या डोक्यात होतं!

त्या मुंगीच्या पायांनी आम्ही सांगलीपर्यंत पोचलो. तिथले एक जैन व्यापारी माल घ्यायला राजी झाले आणि सहज विचारते झाले, ‘जाळी कशाची म्हणायची?’

‘मेंढराच्या आतड्याची.’

शेटजींनी रॅकेट दोन बोटांनी खाली ठेवली आणि आत जाऊन हात धुऊन आले. आबा तडक कृष्णेच्या काठी गेले, मासे धरणाऱ्यांकडून नायलॉनची दोरी आणली आणि तीच विणली. पहिल्या जाळीत एक मासा अडकलेला निघाला म्हणे. एवढी एक गोष्ट सोडून आबांनी शेटजींपासून काही लपवलं नाही.

पुण्याच्या साहेबांनी कप खाली ठेवला. ‘मॅडम, मुंग्या, आतडी, गुऱ्हाळ… हे छापलं तर लोक हसतील.’

‘हसू द्यात. तुम्ही लिहिलंय त्यानं झोप येतीय.’

‘आणि पुन्हा, हे खरं कोण मानणार?’

मी उठले. त्या पहिल्या मालातली एक रॅकेट शेडमध्ये खिळ्याला होती, ती आणून साहेबांनी नमुन्याला आणलेल्या काळ्या चकचकीत रॅकेटीशेजारी टेबलावर ठेवली. सकाळी मी ती कसल्या फडक्यानं पुसली होती, हे कृपा करून विचारू नका. दुसरा कप होईस्तोवर भिंतीच्या फटीतून मुंग्यांची पलटण निघाली. टेबलाचा पाय चढून रांग साहेबांच्या रॅकेटीपाशी आली, क्षणभर घुटमळली, वळसा घालून पुढं गेली आणि आबांच्या दांड्यावर चढली.

साहेबांनी हातातल्या इतिहासाची सुरळी करून वर उगारली.

‘मारू नगा!’ दादा असा गरजला की शेडमधल्या बायकांच्या रंधा मारणाऱ्या हातांना ब्रेक लागला. ‘आबांच्या हायत त्या!’

मग त्यानं ते सहीचं पेन रॅकेटीवर आडवं धरलं. एकेक मुंगी त्याच्यावर चढवून घेतली आणि खिडकीत नेऊन सोडत राहिला. गुडघे कुरकुरत होते, पण खेपा थांबल्या नाहीत. मान वर न करताच म्हणाला, ‘साहेब, तुमच्या मालावर एक बी चढंना. मग आमची मुंगी कशाच्या जोरावर लावनार तुमी?’

साहेबांनी आपली काळी रॅकेट काखेत मारली आणि निघाले. पेन त्यांनी मागितलं नाही, कारण त्याच्यावर अजून चौघीजणी फिरत होत्या.

त्याच पेनानं मी हा इतिहास लिहून काढला. आता तो आमच्या प्रत्येक रॅकेटीच्या पिशवीवर छापलेला असतो, काहिलीसकट, बगलेसकट. सांगलीला जाणाऱ्या पिशव्यांवर तेवढा मासा वगळते. दादा रोज शेडमध्ये येऊन बसतो, काम काडीचं करत नाही, पण पिशवीवरची शेवटची ओळ त्याची आहे: ‘मुंग्या लागल्यास माल अस्सल समजावा. तक्रार घेतली जाणार नाही.’