मावळतीच्या खिडक्या

पुण्याहून वास्तुकलेची पदवी घेऊन मी सोलापूरला परतलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. शुक्रवार पेठेतल्या एका इंजिनिअरांच्या हाताखाली लागलो. पहिलं काम मिळालं ते सांगोल्याकडच्या एका खेड्यातल्या बाळंतिणींच्या दवाखान्याचं. मी नकाशात वर सिमेंटचा स्लॅब काढला आणि पश्चिमेला ओळीनं काचेच्या चार खिडक्या.

गवंडीमामा मोहोळचे, साठीला आलेले. नकाशा बघून म्हणाले, "साहेब, मावळतीला काच नको. आन् वर माळवदच करू की. लाकडावर मातीचा जाड थर दिला की गार राहतंय. हितं उनाळा लई वंगाळ हाय."

"मामा, मातीची छपरं घालायला मी पाच वर्षं कॉलेजात घालवली नाहीत."

मजूर हसले. मी काढलं होतं तसंच मामांनी बांधून दिलं.

मे महिन्यात तक्रार आली म्हणून इंजिनिअरांबरोबर पाहणीला गेलो. दुपारचे तीन वाजले होते. आत सगळ्या खाटा रिकाम्या. एका खाटेच्या लोखंडाला हात टेकला, तर चटका बसला. तेवढ्यात नर्सबाई समोरच्या धनगराच्या मातीच्या घरातून लगबगीनं आल्या. दोन्ही बाळंतिणींना त्यांनी तिकडं हलवलं होतं.

"चार दिवसांचं लेकरू घामोळ्यांनी लालभडक झालंय," त्या म्हणाल्या. "इथं कसं ठेवू?"

इंजिनिअर माझ्याकडं वळले. "एवढं का तापतंय?"

"गवंड्यानं भिंत नीट भरली नाही," मी म्हणालो.

डागडुजीसाठी बोलावलेले मामा दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता हे बोलणार, असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "व्हय, चुकलं आसंल."

इंजिनिअरांनी त्यांना पुन्हा काम दिलं नाही. मी गप्प राहिलो.

दिवाळीनंतर मोहोळला त्यांच्या घरी गेलो, माफी मागायलाच. तोंडातून निघालं भलतंच: "मामा, माळवदाची माती कशी मळतात ते शिकवाल का?" त्यांनी चहा दिला, आणि शिकवलंही. रविवारी-रविवारी जाऊन आम्ही दोघांनी दवाखान्याच्या त्या खिडक्या विटांनी बुजवल्या, स्लॅबवर माती चढवली. पुढच्या उन्हाळ्यात बाळंतिणी आतच राहिल्या.

ते काम चालू असताना एकदा हातातली थापी न थांबवता मामा म्हणाले, "ती भिंत म्या नीट भरली हुती, साहेब."

"माहीत आहे, मामा."

मी मातीचं पुढचं घमेलं उचललं; माफी राहूनच गेली. इंजिनिअरांना तर खरं कधीच सांगितलं नाही.

आता इतक्या वर्षांनी वास्तुकला शिकणारी मुलं माझ्याकडं येतात. सिमेंट कमी, वीज कमी, कार्बन कमी अशा घरांबद्दल विचारतात. मामांचं नाव मी दर वेळी घेतो. मुलं ते वहीत लिहून घेतात, आणि त्या भिंतीचं काही न सांगता मी पुढचा नकाशा उलगडतो.